जगात जर्मनी, झाडावर परभणी

आमच्या गावाची एक म्हण उभ्या महाराष्ट्राला पाठ आहे : जगात जर्मनी, भारतात परभणी. ती कुणी कौतुकानं काढली की टिंगलीनं, यावर जिंतूर रोडच्या कोणत्याही चहाच्या टपरीवर अर्धा तास आरामात निघतो. दुसरी म्हण 'बनी तो बनी, नहीं तो परभणी'. ती टिंगलच आहे, तिच्यावर कुणी वाद घालत नाही. मी झाडं तोडायचा आणि छाटायचा धंदा करतो. मशीन, म्हणजे चेनसॉ, जर्मन कंपनीची आणि मी परभणीचा, त्यामुळं पहिली म्हण माझ्यापुरती तरी शब्दाला शब्द खरी आहे.

कंपनीचं नाव श्टील. आंद्रेआस श्टील नावाच्या माणसानं १९२६ साली ती काढली आणि त्याचं आडनावच मशीनवर छापलेलं असतं. इकडं सगळे ते 'स्टील' असं वाचतात. मागं एका काकांनी मशीनवर टिचकी मारून बघितली अन् म्हणाले, "हे तर प्लास्टिक हाय की. स्टील कुठंय?" दराचं बोलणं निघायच्या आधीच अर्धा विश्वास उडाला.

सध्या श्रावण आहे, हाताला काम कमी. आमचा हंगाम उलटा असतो. शेतकरी ज्या पावसाची वाट बघतो त्याच्या आधीच्या वादळावर आमची चूल पेटते. एप्रिलच्या शेवटापासून मृगापर्यंत वळवाचं वारं सुटलं की गुलमोहर पडतो, सुबाभूळ मोडते आणि रात्री अकराला फोन वाजतो, "दादा, गाडीवर झाड पडलंय." पाऊस लागला की बुंधे निसरडे होतात, बगळ्यांची वीण सुरू होते. घरट्यात पिल्लं असली की त्या झाडाला मी हात लावत नाही, कायद्यानंही लावता येत नाही. एकूण बसायला वेळ आहे, म्हणून हे लिहायलोय.

लोकांना मशीनबद्दल विचारायचं असतं. किती सीसीची, केवढ्याला पडली, पेट्रोल किती खाते. पोरं हातात घेऊन फोटो काढतात. दोराबद्दल आजवर एकानंही विचारलं नाही. वस्तीतल्या कामात कापणं म्हणजे रुपयातले चार आणे. बाकीचे बारा आणे कापलेलं खाली आणण्यात जातात, पत्रा, पाण्याची टाकी, विजेची तार आणि शेजाऱ्याचा स्वभाव सांभाळत. तर आज मला दोराबद्दल सांगायचंय. पण आधी मशीनचं उरकतो, नाहीतर तुम्ही वाचणार नाही.

माझ्याकडं दोन मशिनी आहेत. मोठी ७२ सीसीची, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी आणि चेन सोडून सहा किलोच्या वर भरते. ती खाली, बुंध्याच्या कामाला. छोटी ३२ सीसीची, नुसतं अंग चार किलोच्या आत, ती कमरेला लटकवून वर न्यायची. पहिली दोन वर्षं मी मोठीच वर न्यायचो. छोटी घ्यायला पैसे नव्हते हे एक, आणि मोठी पेलतो हे गल्लीला दाखवायची खाज होती हे दुसरं. उजवा खांदा अजून दर हिवाळ्यात त्या खाजेचा हप्ता फेडतो.

दोन्ही टू-स्ट्रोक. म्हणजे मोटरसायकलसारखं इंजिनात वेगळं ऑइल नसतं, पेट्रोलमध्येच मिसळावं लागतं. कंपनीचं ऑइल असेल तर लिटरला २० मिलिलिटर. पाण्याच्या बाटलीवर मी खिळ्यानं दोन रेघा ओढून ठेवल्यात, इथपर्यंत पेट्रोल, इथपर्यंत ऑइल. त्या रेघा नव्हत्या तेव्हा, २०१८ साली, एका नव्या पोरानं घाईत मोटरसायकलसाठी आणलेलं साधं पेट्रोल ओतलं. मशीन थोडा वेळ रोजच्यापेक्षा झकास पळाली. पोरगं मला म्हणतंय, "बघा दादा, कशी गायलीय." मग एक बारीक किंचाळी आली अन् सगळं गप्प. दोरी ओढून बघितली तर हलेना, दगडच.

स्टेशनच्या बाजूला आमचे एक उस्ताद बसतात. त्यांनी सायलेन्सर खोलून आतला पिस्टन दाखवला. उभे ओरखडे, नखानं लागतील एवढे. म्हणाले, "देखो, तवे पे बिना तेल की रोटी चिपकी सो." मी म्हणलं, पोरगं नवीन होतं. तर म्हणतात, "पोरगा नवा था, बाटली तो पुरानी थी ना? उसपे लिखने को क्या हुआ तुमको?" रेघा तेव्हापासूनच्या आहेत.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. पावसाळ्यात मशीन महिनाभर पडून राहणार असेल तर टाकी रिकामी करून, आहे तेवढं पेट्रोल जळून आपोआप बंद पडेस्तोवर चालवून मगच ठेवायची. आळस केला की कार्ब्युरेटरमधला बारीक पडदा कडक होतो आणि खंडेनवमीला हळदकुंकू वाहून, नारळ फोडून दोरी ओढावी तर मशीन सगळ्या घरादारासमोर रुसून बसते. एकदा बसली आहे. बायको अजून सांगते पाहुण्यांना.

चेनीला धार आहे की नाही हे कळायला मशीन बघायची गरज नसते, जमिनीवर बघायचं. धारेची चेन ढलप्या टाकते, बोथट चेन पीठ पाडते. पीठ दिसलं की थांबायचं. मोठ्या चेनीला ५.२ मिलिमीटरची गोल कानस, छोटीला ४ ची. दाताला तीस अंशांचा कोन, कानस फक्त पुढं ढकलायची, मागं ओढताना उचलून घ्यायची आणि प्रत्येक दाताला मोजून सारखे हात. डाव्या दातांना तीन अन् उजव्यांना पाच बसले की काप चंद्रकोरीसारखा वाकडा जातो. हे शिकायला मला एक वर्ष लागलं, कारण उस्ताद शिकवताना बोलत नाहीत, नुसतं हातातली कानस काढून घेतात.

धार जाते ती मात्र लाकडानं कमी आणि खिळ्यांनी जास्त. आमच्याकडं लिंब म्हणजे कडुलिंब, खायचं ते लिंबू. तर घरापुढचा लिंब ही परभणीत सगळ्यांची सार्वजनिक भिंत असते. कपड्याची तार, केबलची वायर, ट्यूशनचा बोर्ड, निवडणुकीचा फ्लेक्स, काळी बाहुली, सगळं त्यालाच. झाड खिळा बाहेर टाकत नाही, गिळतं. वीस वर्षांनी खिळा चार बोटं आत असतो आणि सालीवर डागसुद्धा दिसत नाही. मशीन लागली की ठिणगी उडते आणि एका दमात निम्मी चेन भुईसपाट. वसमत रोडला एका लिंबातून घोड्याचा नाल निघाला. घरमालक इतका खूश, की तो नाल धुऊन, पुसून त्यानं नव्या दरवाजाला ठोकला. चेनीचे पैसे मागितले तर म्हणाला, "आमचं नशीब निघालं अन् तुमचं गेलं, त्याला मी काय करू?"

मे महिन्यात परभणीचा पारा ४३, ४४ ला टेकतो. त्या दिवसांत सहाला झाडावर, अकराला खाली, मग चारनंतर अंधार पडेपर्यंत. मधल्या वेळात भाकर, ठेचा, कांदा आणि ज्या झाडावर चढलोय त्याच्याच सावलीत झोप. उरलेली सावली, म्हणायचं. डोक्याला हेल्मेट, डोळ्यांना जाळी हे बाराही महिने. पायांचं मात्र खरं सांगतो. चेनसॉवाल्यांसाठी एक खास पॅंट मिळते. तिच्या आत लांब धाग्यांचे थर असतात. चेन कापडाला लागली की धागे बाहेर ओढले जातात, मशीनच्या चक्रात गुंडाळतात अन् मशीन जागेवर थांबते. वस्तू सोन्यासारखी आहे, मी घेतलीय. पण ती थंड मुलखातल्या लोकांनी थंड मुलखासाठी शिवलेली. वैशाखात ती घालून लिंबावर चढणं म्हणजे गोधडी पांघरून वीटभट्टीत बसणं. मी ती नोव्हेंबर ते फेब्रुवारी घालतो आणि मार्चपासून, लाज वाटत वाटत, खुंटीला टांगतो. डाव्या मांडीवर सहा टाके आहेत. ते एप्रिलचे.

परवानगीचं थोडक्यात. शहरातल्या झाडाला १९७५ चा कायदा लागतो, अर्ज महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडं. शेतातल्या आंब्या-चिंचेला १९६४ चा वेगळा कायदा. २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं किंवा त्यापुढचं झाड हेरिटेज धरतात, आणि झाड तोडलं तर त्याचं जेवढं वय तेवढी नवी झाडं लावायची. तेव्हापासून गिऱ्हाईक झाडाचं वय असं सांगतंय जसं परिचय मेळाव्याच्या फॉर्मवर मुलाचं सांगतात. ज्या लिंबाखाली स्वतःच्या आजोबांची बैलगाडी सुटायची तो लिंब "असेल पंचवीस-तीसचा". कागद हातात पडल्याशिवाय मी मशीनचं झाकण उघडत नाही. त्यापायी कामं गेली आहेत, अजूनही जातात.

निम्म्या लोकांना तोडायचं नसतंच, छाटायचं असतं. पण छाटणी म्हणून त्यांना हवं असतं मुंडण. "पार बोडकं करून टाका, चार वर्षं बघायला नको." मी सांगतो, शेंडा मारला की झाड घाबरल्यासारखं चहूबाजूंनी पाणफांद्या फेकतं. त्या लांब वाढतात आणि वरवर चिकटलेल्या असतात, आणि चार वर्षांनी वादळात त्याच तुमच्या पत्र्यावर येतात. फांदी काढायची ती मुळाशी जिथं सालीचा फुगीर गळा असतो त्याच्या जरा बाहेर. गळा राहिला की झाड जखमेवर स्वतः साल ओढून घेतं. वर डांबर नको, रंग नको, शेण पण नको. ऐकून घेतात बिचारे. मग विचारतात, "पण बोडकं करायचे किती घेणार?"

आता दोर.

माझे मामा आज अडुसष्ट वर्षांचे आहेत. तरुणपणी ते विहिरी खोदायच्या टोळीत होते, पूर्णा-दुधनेच्या काठची गावं पालथी घातलेली. यारीवर, म्हणजे विहिरीतून दगडमाती वर काढायच्या क्रेनवर, काम केलेला माणूस. विहिरीत मोठा दगड किंवा इंजिन खाली सोडायचं असलं की दोराला काठावरच्या बाभळीचे वेढे द्यायचे आणि टोक मामांच्या हातात. यारीचं काम सुटल्यावर ते घरीच होते. २०११ ला मी पहिली मशीन घेतली तेव्हा ते बघायला आले, मशीनभोवती एक फेरी मारली अन् विचारलं, "कापशील खरं. पण खाली कोण घेणार?"

मी म्हणलं, खाली पडल ना आपोआप.

"हां," ते म्हणले, "आपोआप तर माणूस बी पडतंय."

दुसऱ्या दिवसापासून ते माझ्याबरोबर आहेत. त्यांचं एकच शिकवणं आहे : दोर आपण धरायचा नसतो, झाडाला धरायला लावायचा. फांदी कापायच्या आधी तिला दोर बांधतो, दोर वरच्या जाड फांदीच्या बेचक्यातून, आता कप्पीतून, खाली येतो आणि बुंध्याला वेढे खाऊन मामांच्या हातात जातो. एक फूट जाड, दहा फूट लांब ओला ओंडका दोन क्विंटलच्या पुढं भरतो. सहा पैलवान लावले तरी तो हवेत धरता येत नाही. बुंध्याला दोन वेढे असले की मामा तो एका हातानं उतरवतात, दुसऱ्या हातात तंबाखूची पुडी.

कृषी विद्यापीठातून रिटायर झालेले एक सर आहेत, त्यांच्या अंगणात काम चालू होतं. ते बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "याला कॅपस्टन म्हणतात. एका वेढ्यानं हातावरचा ताण साधारण पाचपट कमी होतो, दुसऱ्यानं पंचवीसपट, तिसऱ्यानं सव्वाशेपट." मामांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"तिसरा ओल्या सालीवर देऊ नका, सर," ते म्हणाले. "मग दोर सरतच नाही. ओंडका हवेत लटकून राहतो अन् वर बसून भाचा शिव्या देतो."

दोराची निवड हे त्यांचं दुसरं खातं. त्यांच्या लहानपणी अंबाडी पाण्यात भिजत घालून, कुजवून तिचा वाख काढायचे आणि त्याचे कासरे, दावी, सोल वळायचे. पोळ्याला बैलांना नवे. ते दोर हाताला चावायचे पण हातातून सटकायचे नाहीत. आता बाजारात पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर स्वस्त मिळतो. त्याचे दोन दुर्गुण. उन्हानं दोन उन्हाळ्यांत त्याचा चुरा व्हायला लागतो आणि बुंध्यावर घासला की वितळतो. मी सुरुवातीला तोच आणायचो. वेढ्याच्या जागी तो चकचकीत, काचेसारखा झालेला मामांनी एकदा दाखवला, दोन्ही हातांत धरून मोडला. दोर मोडतो हे मी पहिल्यांदा बघितलं. तेव्हापासून पुण्याहून विणलेला पॉलिस्टरचा आणतो, १२ मिलिमीटरचा, १०० मीटरचं बंडल. बंडल आलं की मामा त्याला पहिल्या दिवशी अंगणात लांब पसरतात, पूर्ण दोर मुठीतून ओढत एक चक्कर मारतात. प्रत्येक कामानंतर हेच. मूठ कुठं अडखळली की तिथं सुतळी बांधायची आणि दुसऱ्या दिवशी तिथून दोर तोडायचा. यात त्यांच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, मी बोलून बघितलंय.

माणूस चढायचा दोर वेगळा. त्यानं ओझं उतरवायचं नाही, ओझ्याच्या दोरानं माणूस चढवायचा नाही. आधी मी कमरेला कासरा गुंडाळून अनवाणी चढायचो, सगळे तसंच चढतात. मग पट्टा आणला आणि त्याबरोबर प्रुसिकची गाठ शिकलो. ती वर सरकते पण वजन पडलं की आवळते. कार्ल प्रुसिक नावाच्या ऑस्ट्रियाच्या गिर्यारोहकानं ती १९३१ साली लोकांपुढं मांडली, हे मी मामांना मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"जर्मनी झालं, आता ऑस्ट्रिया," मामा म्हणाले. "अजून किती देश बांधणारायस कमरेला?" पण पट्ट्याशिवाय त्यानंतर त्यांनी मला एकदाही वर जाऊ दिलं नाही.

वरच्या आणि खालच्या माणसाचं बोलणं हा एक वेगळाच विषय आहे. आम्ही आधी 'सोड' आणि 'ओढ' म्हणायचो. मशीन चालू असताना एकदा मोठ्यानं म्हणून बघा. वीस फूट खाली ऐकणाऱ्याला दोन्ही सारखेच ऐकू येतात. एका बदामाच्या झाडावर मी 'ओढ' म्हणलो आणि खालच्यानं सोडलं, फांदी माझ्या बुटाला घासून गेली. तेव्हापासून आमचे तीनच शब्द. 'ढील', पतंगासारखं. 'खेच'. आणि 'बस', म्हणजे जिथं आहे तिथं. चौथा शब्द बोलायचा नाही. खाली जाणारायेणारा कुणी मध्येच "हळूऽऽ" म्हणाला तर मामा त्याला जागेवर गप्प करतात, मग तो घरमालक का असेना.

आणि मोबाइल जेवणाच्या डब्यात.

२०१५ च्या जूनमध्ये मामा लग्नाला गेले होते, तीन दिवस. वाट बघायला पाहिजे होती. पण घरमालक घाईवर, मला पैशाची नड आणि खाली उभं राहायला व्यायामशाळेतलं एक तगडं पोरगं मिळालं होतं. गुलमोहराची फांदी होती, वजनाला काही खास नाही. मी वेढे द्यायला सांगितले. त्यानं एकच दिला आणि उरलेला दोर मनगटाला गुंडाळून घेतला, घट्ट धरता यावा म्हणून. त्याच्या मनात चांगलंच होतं. फांदी सुटली, खाली जायच्या आधी तीन-चार फूट मोकळी आली आणि मग दोराला झटका बसला. मी वरून बघितलं ते एवढंच, की तो पोरगा उभ्याचा आडवा होऊन बुंध्याला जाऊन आदळला. दोर मनगटावरून निघाला तो कातडं घेऊन निघाला. फांदी झोका खाऊन शेजारच्या गच्चीवर गेली आणि हजार लिटरची टाकी फुटली. पाण्याचा लोंढा जिन्यावरून खाली येत होता, शेजारीण ओरडत होती आणि मला उतरायला पट्ट्याची कडी सापडत नव्हती.

टाकी भरून दिली. दवाखान्याचं दिलं. त्याची मूठ पाच महिने मिटत नव्हती, तेवढे महिने त्याच्या घरी पैसे पोचवले, थोडे थोडे. यात माझ्या मोठेपणाचं काही नाही, चूक माझी होती. त्यानं वेढा किती दिला हे बघायला मला वरून एकदा मान वळवायची होती. मामा परत आले, दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या पोराच्या घरी गेले, त्याच्या डाव्या हातात दोराचा तुकडा दिला अन् अंगणातल्या शेवग्याला वेढे कसे द्यायचे ते दाखवत बसले. तो आजही आमच्यात आहे. मामा नसले की टोक त्याच्याकडं असतं आणि मी दरवेळी मान वळवतो.

एका कामाला मात्र दोर लागला नाही. २०१३ चा उन्हाळा. आदल्या वर्षी पाऊस रुसला होता आणि जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा उभ्या वाळायला लागल्या होत्या. एका शेतकऱ्याचा फोन आला, चार एकर बाग काढायचीय. त्यानं वर्षभर टँकरनं पाणी घातलं होतं, मग टँकरही परवडेना. एकरी शंभराच्या वर झाडं, म्हणजे साडेचारशेच्या आसपास. मोसंबीचं खोड असून असून किती, छोट्या मशीनला दहा सेकंद. चढायचं नाही, बांधायचं नाही, कुठं काही मोडायचं नाही. आम्ही दोर गाडीतून काढलाच नाही.

मामांना काही काम नव्हतं. ते बांधावर शेतकऱ्याशेजारी जाऊन बसले. शेतकरी बागेकडं पाठ करून बसला होता, तोंड विहिरीकडं. मामा मधूनच उठून विहिरीत डोकावून यायचे. दुपारी जेवताना मी विचारलं, काय बोलत होतात? तर म्हणाले, विहीर किती परस खोल, किती हात पाणी लागलं होतं, खडक कसला. "बागेचं काही नाही?" "बागेचं काय बोलायचं?" दोन दिवसांत चार एकर संपलं. त्या कामाचे पैसे मी ठरल्यापेक्षा कमी घेतले, पण घेतले. मोसंबीच्या ओल्या लाकडाला कापताना सालीचा वास येतो, हातावर रात्रीपर्यंत राहतो. त्या बागेत झाडं वाळली होती तरी काही खोडांना तो वास आला. एवढंच लिहितो.

मशीनला त्या दोन दिवसांत काहीही झालं नाही. खिळा नाही, तार नाही, चेन एकदाच घासली.

परवा पंचमी झाली. तिच्या आदल्या दिवशी गंगाखेड रोडच्या आतल्या गल्लीत एका आजींकडं काम होतं. अंगणात जुना लिंब, दोन मोठ्या फांद्या. एक पत्र्यावर आलेली, बुडाशी पोकळ. कुऱ्हाडीच्या दांड्यानं ठोकलं की ढोल वाजायचा. तिचा कागद महिनाभर आधीच मिळाला होता. घरटं आहे का बघितलं, नव्हतं. आजी खुर्ची टाकून बसल्या आणि सुरुवातीलाच म्हणाल्या, "ही काढ बाबा. पण त्या दुसरीला हात लावू नको, ती पंचमीची हाय. माझ्या नणंदा तिच्यावर खेळल्यात, लेकी खेळल्यात, आता नाती आल्यात पुण्याहून."

पोकळ फांदी तुकड्यातुकड्यानं काढावी लागते. बाहेरून गळा चांगला दिसतो, आत काय आहे ते कळत नाही. नऊ तुकडे केले. ढील, ढील, बस. प्रत्येक तुकडा मामांनी अंगणातल्या फरशीवर असा टेकवला की आवाज आला नाही. शेवटचा तुकडा येताना नाती ओसरीवर ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यात धाकटी प्रत्येक 'ढील'च्या मागं बारीक आवाजात 'ढील' म्हणत होती. मामांनी तिला गप्प केलं नाही. हे मी नोंदवून ठेवलंय.

सामान आवरताना आजी म्हणाल्या, "तुमच्यातला एखादा जुना दोर द्या की, झोक्याला. टाकाऊ असला तरी चालंल." आमच्या गाडीत सुतळ्या बांधलेला, बाद झालेला एक दोर होता. मी तो काढून आणला.

मामांनी तो माझ्या हातातून घेतला आणि परत गाडीत टाकला. "ओंडक्याला चालत नाही म्हणून बाजूला ठेवलाय," ते म्हणाले, "अन् लेकराला चालतो व्हय?"

मग त्यांनी नवं बंडल काढलं. मागच्याच आठवड्यात पुण्याहून आलेलं, अजून एकाही झाडावर न गेलेलं. हातानं मापून ४० फूट सोडलं. मी म्हणलं, मामा, थांबा. तोवर कोयता पडला होता. १०० मीटरमधले ४० फूट म्हणजे बंडलाचा आठवा हिस्सा. मी तिथंच उभ्यानं हिशेब केला आणि मला आलेला आकडा इथं लिहीत नाही, घरी वाचतात.

फांदीला गोणपाट गुंडाळून त्यावर दोर टाकला, म्हणजे साल सोलत नाही आणि दोरही घासत नाही. गाठी मामांनी स्वतः मारल्या, माझ्यावर सोडल्या नाहीत. पाट बसवला. नाती धावत आल्या तशा त्यांनी हात आडवा केला आणि माझ्याकडं बघितलं.

"तू बस आधी."

मी ब्याऐंशी किलोचा. हेल्मेट डोक्यावर, पट्टा कमरेला, अंगभर भुसा. बसलो. मामांनी पाठीला हात लावून एक ढकल दिला, नीट, लहानपणी द्यायचे तसा. वर बघितलं, फांदी बोटभर हलली अन् परत आली, करकरली नाही. गोणपाट जागेवर. गाठी जागेवर. अजून दोन-तीन हेलकावे झाले असते.

"उतर आता," मामा म्हणाले. "लेकरं थांबलीत."